टोमॅटोचा बोकड्या: दिसतो आज, लागलेला असतो पंधरा दिवस आधी

दोन वर्षांमागे फेब्रुवारीतल्या एका सकाळी शेजारच्या काकीने कुंपणावरून हाक मारली. "अरे, जरा येऊन बघ रे. तीनदा औषध मारलं, तिन्ही वेळा वेगळ्या बाटलीतलं. पानं वळायची काही थांबत नाहीत."

डिचोली तालुक्यातलं आमचं गाव. सरद, म्हणजे पावसाळी भात कापलं की त्याच जमिनीत मिरची, आळसांदे, मुळा, भेंडी घालायची इथली जुनी रीत. काकीने त्या वर्षी हौसेने दोनशे टोमॅटो लावले होते. शेताच्या मधोमध काठीवर चुन्याचे ठिपके काढलेलं मडकं उपडं घातलेलं, कुणाची दीठ लागू नये म्हणून. मडक्याच्या आसपासची झाडं मात्र बघवत नव्हती. शेंडे गोळा झालेले, पानं वाटीसारखी वर वळलेली, कडा पिवळ्या, आणि पेरं इतकी आखूड की झाड वर जायचं सोडून जागच्या जागी झुडूप झालेलं. थोडी फुलं होती, ती बोट लागताच गळत होती. एक पान उलटं केलं तर पिठाचा डबा आपटल्यासारखा पांढरा धुरळा उडाला आणि दोन क्षणांत परत शेजारच्या पानांखाली जाऊन बसला.

"बोकड्या आहे," मी म्हटलं.

"नाव नको सांगू, औषध सांग."

त्या झाडांसाठी औषध नव्हतंच. कुठल्याच दुकानात नसतं. हे तिला पटवायला मला अर्धा तास लागला, आणि तेच सगळं नीट लिहून काढावं म्हणून हा लेख.

झाडाचा डेंग्यू

बोकड्या हा विषाणूंमुळे होणारा रोग. काही जण त्याला कोकडा म्हणतात, कृषी अधिकारी लीफ कर्ल म्हणतात. करप्यासारखी ही बुरशी नव्हे, त्यामुळे बुरशीनाशक इथे निरुपयोगी. जिवाणूही नव्हे. विषाणू झाडाच्या पेशींत शिरून त्यांच्याच यंत्रणेवर स्वतःच्या प्रती काढून घेतो. पेशी न मारता त्याला मारेल असं शेतात फवारण्याजोगं काही आजवर निघालेलं नाही.

गोव्यात डेंग्यू काय असतो हे कुणाला सांगावं लागत नाही, म्हणून तीच उपमा घेतो. डेंग्यूचा विषाणू हवेतून उडत येत नाही, त्याला डास लागतो. बोकड्याला पांढरी माशी लागते. नावात माशी असली तरी ही माशीच्या कुळातली नाही, मावा-तुडतुड्यांची भावकी आहे. लांबी जेमतेम एक मिलिमीटर. सुईसारखी सोंड पानात खुपसून ती थेट अन्नरसाच्या नळ्यांपर्यंत पोचते, आणि हा विषाणू राहतोही तिथेच. आजारी झाडाचा रस तिने साधारण अर्धा तास प्यायला तरी विषाणू तिच्या पोटात जातो. आतड्यातून अंगातल्या द्रवात, तिथून लाळग्रंथींत यायला त्याला काही तास लागतात. मग ती निरोगी झाडावर बसून पुन्हा तेवढाच वेळ रस प्यायली की काम झालं. एकदा विषाणू अंगात गेला की बहुतेक वेळा ती मरेपर्यंत तो वाहून नेते.

उपमा इथेच संपते, कारण माणूस डेंग्यूतून उठतो. टोमॅटोचं झाड उठत नाही. लागण झालेलं झाड उपटेपर्यंत विषाणूचं कोठार बनून उभं असतं आणि दर माशीला वाटप करत राहतं.

आता काकीच्या तीन बाटल्यांकडे येऊ. माशीने सोंड खुपसल्यापासून शेंडा वळलेला दिसेपर्यंत साधारण दोन ते तीन आठवडे जातात. काकीला पहिलं वळलेलं पान दिसलं तेव्हा लागण जुनी झालेली होती. ती फवारत होती जानेवारीत घडून गेलेल्या गोष्टीवर, फेब्रुवारीत. मेलेल्या माश्यांनी आपलं काम आधीच उरकलेलं. त्यात तिन्ही बाटल्यांची लेबलं वाचली तर एकीत इमिडाक्लोप्रिड, दुसरीत थायामेथोक्झाम. कंपन्या वेगळ्या, रंग वेगळे, पण दोन्ही एकाच गटातली औषधं, माशीच्या मज्जासंस्थेत एकाच ठिकाणी घाव घालणारी. पहिलीला न मरणारी माशी दुसरीलाही फारशी भीक घालत नाही. तिसरी बाटली बुरशीनाशकाची निघाली.

टोमॅटोवरच्या या रोगाची भारतातली पहिली शास्त्रीय नोंद १९४८ सालची. विषाणू एकच नाही, एका घराण्यातले अनेक आहेत आणि नावं शहरांची घेऊन फिरतात: नवी दिल्ली, बेंगळूर. घराण्याचं नाव जेमिनी, म्हणजे मिथुन रास, कारण सूक्ष्मदर्शकाखाली याचे कण दोन-दोन जोडलेल्या जुळ्यांसारखे दिसतात. माशीचा पूर्वेतिहासही गमतीचा. तिचं पहिलं वर्णन झालं १८८९ मध्ये ग्रीसमधल्या तंबाखूवर, म्हणून शास्त्रीय नाव बेमिसिया टॅबॅसी. दिसायला सगळ्या सारख्या असल्या तरी हिच्यातही अनेक जाती दडलेल्या आहेत. बाहेरून आलेली एक फार खादाड आणि झपाट्याने वाढणारी जात १९९९ मध्ये कर्नाटकातल्या कोलारमध्ये सापडली, टोमॅटोवर बोकड्याचा कहर चालू असतानाच. कोलार म्हणजे टोमॅटोचं आगर. आपला टोमॅटो घाट उतरून बेळगावकडून येतो, त्यामुळे घाटावर काय चाललंय याची खबर आपल्याला आधी बाजारातल्या दरातून कळते आणि मग शेतातून.

एक शंका नेहमी विचारली जाते, तिचं उत्तर देऊन टाकतो: अशा झाडाचा टोमॅटो खाल्ल्याने माणसाला काही होत नाही.

तीन किडी, तीन तऱ्हा

टोमॅटोवर विषाणू पसरवणारी पांढरी माशी एकटी नाही. फुलकिडे आणि मावाही आहेत, आणि प्रत्येकाची पद्धत इतकी वेगळी की एकावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

मावा हा घाईचा कारभार. काकडीवर्गातून टोमॅटोवर येणारा मोझॅक विषाणू माव्याच्या सोंडेच्या टोकाला नुसता चिकटतो, पोटात जातच नाही. मावा पानावर उतरला, चव बघायला सोंड टोचली, नाही आवडलं म्हणून उडाला, की एवढ्या सेकंदांत विषाणू पोचलासुद्धा. दूषित सुई टोचल्यासारखं. काही तासांत सोंड आपोआप साफही होते. इथे कीटकनाशकाचा उपयोग जवळपास शून्य. औषध लागून मावा मरायच्या आत त्याचं टोचून झालेलं असतं, उलट औषधाने बेचैन झालेला मावा अधिक झाडांवर फिरतो. या रोगात पान दोरीसारखं अरुंद होतं.

फुलकिड्यांची गोष्ट मला सगळ्यांत विलक्षण वाटते. यांच्यामार्फत येणाऱ्या रोगाला बागायतदार सरसकट टोस्पो म्हणतात. शेंड्याच्या कोवळ्या पानांवर काशाच्या भांड्यासारखी तांबूस झाक येते, बारीक काळपट ठिपके पडतात, खोडावर काळे पट्टे, आणि शेंडा जळाल्यासारखा वाळून जातो. फळ धरलं असेल तर त्यावर एकात एक पिवळट कडी उमटतात. हा विषाणू फुलकिड्याला फक्त लहानपणी, पिल्लू असतानाच घेता येतो. मोठ्या फुलकिड्याने आजारी झाडाचा कितीही रस प्यायला तरी तो धोकादायक होत नाही. पण बालपणी विषाणू घेतलेला फुलकिडा मोठा होऊन पंख फुटले की जन्मभर वाटत सुटतो, आणि विषाणू त्याच्या अंगातही वाढतो. म्हणजे ज्या झाडावर फुलकिड्यांची पिल्लं वाढतात तेच झाड पुढच्या पिढीला दीक्षा देतं. असं एक झाड वेळेत उपटलं तर एक अख्खी तुकडी गारद होते. शिवाय हे फुलकिडे कोषावस्थेसाठी मातीत उतरतात, म्हणून जमिनीवर मल्चिंग पेपर, म्हणजे माती झाकणारं प्लास्टिक, असेल तर त्यांची साखळी तिथेही तुटते.

पांढरी माशी या दोघांच्या मधली: घेते सावकाश, देते सावकाश, पण विसरत नाही. आपल्याकडे जास्त नुकसान तिचंच, म्हणून पुढचं बरंचसं तिच्याविषयी.

वळलेलं प्रत्येक पान बोकड्याचं नसतं

उपटायची घाई करण्याआधी चार गोष्टी तपासा. उन्हाचा ताण किंवा पाणी जास्त झालं तरी टोमॅटोची पानं वळतात, पण ती खालची, जुनी पानं असतात. ती हिरवीच राहतात, नळीसारखी आत वळतात आणि सगळ्या शेतात एकाच वेळी. बोकड्या शेंड्याकडून सुरू होतो, पिवळेपणा घेऊन येतो आणि एका झाडाला धरून दुसऱ्याला सोडतो.

दुसरा चकवा भातशेतीतला. भाताच्या रुंद पानांच्या तणांवर टू-फोर-डी मारतात. टोमॅटो त्याला इतका हळवा की शेजारच्या वायंगणात, म्हणजे उन्हाळी भातात, फवारलेल्याचा वाऱ्यावरचा अंश, किंवा तोच पंप नीट न धुता वापरला तरी पानं वेडीवाकडी, नेच्यासारखी अरुंद होतात, अगदी मोझॅकसारखी. माझ्या ओळखीत एकाने पाऊणशे झाडं 'व्हायरस' म्हणून उपटली आणि मग पंप धुवायचा राहिल्याचं त्याला आठवलं. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा आणि त्यावर लाल रंगाने खूण करा.

तिसरा, आपल्याकडचा खरा यमदूत म्हणजे जिवाणूजन्य मर. गोव्याच्या आम्ल, दमट जमिनीत टोमॅटो कमी लावतात तो मुख्यतः हिच्यामुळे. झाड काल टवटवीत, आज हिरवंच्या हिरवं मान टाकून पडलेलं. बोकड्याचं झाड असं कधी कोसळत नाही, ते महिनोन्‌महिने खुरटत जगतं. खात्री करायची असेल तर मेलेल्या झाडाचं खोड जमिनीलगत तिरकं कापा आणि काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात कापलेलं टोक बुडवून स्थिर धरा. थोड्या वेळात खोडातून दुधाळ धागे पाण्यात उतरताना दिसले, तर मर. शाळेतल्या पोरांना दाखवावी अशी गोष्ट आहे.

चौथी कोळी, म्हणजे पानाचा रस शोषणारी बारीक कीड. पानाच्या कडा खाली वळल्या असतील, विशेषतः मिरचीवर, तर आधी कोळी शोधा.

मागे मोजायची सवय

लक्षण दोन-तीन आठवडे उशिरा दिसतं, हे एकदा डोक्यात बसलं की शेत वेगळ्या तऱ्हेने वाचता येतं. माझीच फजिती सांगतो. एका वर्षी रोपं स्वतः न करता एका आठवडी बाजारातून जुड्या आणल्या. हिरवीगार, तरतरीत. लावणीला पंधरा-सोळा दिवस झाले आणि शेतभर, कुठे एक कुठे दोन, अशी तुरळक झाडं वळू लागली. मी शेजाऱ्याच्या वांग्यांवर संशय घेतला, त्याच्याशी थोडं वाजलंसुद्धा. नंतर कॅलेंडरवर मागे मोजलं. पंधरा दिवस म्हणजे लावणीचाच दिवस. शिवाय वाऱ्यावर आलेल्या माश्या आधी कडेच्या ओळींवर उतरतात. माझी आजारी झाडं तर मधोमधही होती, ठिगळांसारखी विखुरलेली. रोग जुडीतूनच आला होता. शेजाऱ्याकडे जाऊन चहा पिऊन आलो.

तर वाचायचं ते असं. लावणीनंतर दोन-अडीच आठवड्यांच्या आत, विखुरलेली झाडं: रोपवाटिका. त्यानंतर, एका बाजूच्या दोन-तीन ओळी: त्या बाजूला काहीतरी आहे, जुनी वांगी, सोडून दिलेली भेंडी, तण. त्याहीनंतर, एका आजारी झाडाभोवती घोळका: तुमच्याच शेतात माशी वाढते आहे आणि तुम्ही ते पहिलं झाड उपटलं नाहीत. पहिल्या प्रकारात पुढच्या वर्षीच दुरुस्ती शक्य. दुसऱ्यात बांधाकडे बघायचं. तिसऱ्यात आजच्या आज काहीतरी करता येतं.

हे वाचता यावं म्हणून वही लागते. लावणीची तारीख, ओळींचा कच्चा नकाशा आणि आजारी झाड दिसलं त्या दिवशी त्या जागी फुली. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवणारे पुष्कळ असतात, पण फोटो कुठल्या ओळीतला ते पंधरा दिवसांनी कुणाला आठवत नाही.

सकाळची फेरी

पाळत ठेवायची ती रोगावर नव्हे, माशीवर, कारण माशी रोगाच्या पंधरा दिवस आधी दिसते. वेळ सकाळची, ऊन चढायच्या आत. गारव्यात माशी सुस्त असते. दहा वाजता पान हलवलं तर उडून जाते आणि तुम्ही शून्य लिहून घरी येता.

शेतात नागमोडी फिरून वीसेक झाडं बघायची. देठाला धरून पान हळूच उलटं करायचं, झटका द्यायचा नाही. मोठी माशी शेंड्याकडच्या कोवळ्या पानांखाली सापडते, कारण अंडी ती तिथे घालते. पिल्लं बघायची असतील तर खालच्या पानांकडे जा. अंड्यातून निघालेलं पिल्लू थोडं सरपटतं, जागा धरतं आणि मग एखाद्या चपट्या, फिकट पिवळट खवल्यासारखं चिकटून राहतं. झाड वर वाढतं आणि ते खालच्या पानावर राहून जातं. उबदार हवेत अंड्यापासून उडणाऱ्या माशीपर्यंत साधारण तीन आठवडे लागतात. शेंड्याला माश्या आहेत पण खाली पिल्लं नाहीत, म्हणजे पाहुण्या बाहेरून आल्या आहेत. खाली पिल्लंही आहेत, म्हणजे संसार इथेच थाटलाय.

दहापट भिंग असेल तर उत्तम. काकीला मी जुनं भिंग दिलं. पहिल्यांदा पिल्लं बघितल्यावर ती म्हणाली, "शी, ही तर उवांसारखी चिकटलीत!" त्यानंतर पानं उलटी करायला तिला सांगावं लागलं नाही.

पिवळे चिकट सापळे म्हणजे थर्मामीटर. काही जण त्यांनाच औषध समजून पन्नास लावतात आणि बेफिकीर होतात. नुसती पाळत ठेवायला एकरी दहा-बारा पुरतात, आपल्या पाच-दहा गुंठ्यांच्या तुकड्यात तीन-चार. उंची शेंड्याच्या जवळपास, झाड वाढेल तसा सापळा वर सरकवायचा. एक मध्ये, बाकीचे कडांना, आणि त्यांतला एक संशयाच्या बाजूला. आठवड्याला एकदा मोजून आकडा वहीत लिहायचा. विकतचे नको असतील तर पत्र्याच्या तुकड्याला पिवळा रंग द्या, वर एरंडेल तेल किंवा ग्रीस. फुलकिड्यांसाठी निळा रंग अधिक चांगला. तेवढाही खटाटोप नको असेल तर पांढऱ्या कागदावर फूल झटकायचं, बारीक काड्यांसारखे फुलकिडे पळताना दिसतात.

किती माश्या म्हणजे धोका? रस शोषण्यापुरता प्रश्न असता तर पानागणिक काही माश्या झाडाने सहन केल्या असत्या. विषाणू आला की तो हिशोब मोडतो, कारण दूषित माशी एकटीही पुरते. लावणीनंतरच्या पहिल्या महिन्यात मी एकही माशी दुर्लक्षित करत नाही. पुढे आकड्यापेक्षा चढ बघतो: गेल्या आठवड्यात सापळ्यावर चार, या आठवड्यात वीस, तर बांधावर फेरी मारून यायचं.

बांधावर बघायचं ते ओसाडीकडे. निळसर-जांभळ्या झुबक्यांचं हे तण आपल्याकडे रस्त्याकडेला, कुळागरांच्या, म्हणजे सुपारीच्या बागांच्या, कडेला कुठेही दिसतं. कधी त्याच्या पानांवर सोन्याच्या तारेने जाळी काढल्यासारख्या पिवळ्या शिरा दिसतात. दिसायला सुंदर, पण तो जेमिनी घराण्यातल्याच विषाणूचा रोग. पिवळ्या शिरांची भेंडीही त्याच घराण्यातली. भेंडीचा विषाणू सहसा टोमॅटोला लागत नाही, पण भेंडीवर पोसलेली माशी टोमॅटोवर यायला मोकळीच असते. तण काढायचं ते लावणीच्या दोन-तीन आठवडे आधी. टोमॅटो लावल्यावर बांध साफ केला तर उपाशी माश्या सरळ टोमॅटोवर येतात. आपणच हाकलून आणल्यासारखं होतं.

पहिला महिना

लागण किती लवकर झाली यावर नुकसान ठरतं. लावणीनंतरच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत झाड सापडलं तर त्याचं पीक जवळजवळ सगळं गेलं समजा. फळं धरल्यावर लागण झाली तर शेंडा खुरटतो, पण खालची फळं बऱ्यापैकी हाती येतात. म्हणून सगळी ताकद रोपवाटिका आणि पहिला महिना यांवर लावायची.

रोपवाटिकेवर कीडरोधक जाळी हवी, इंचाला चाळीस ते पन्नास छिद्रांची. इथे नेहमीची चूक होते: हिरवी शेडनेट टाकतात. ती उन्हासाठी, तिच्या भोकांतून पांढरी माशी रमतगमत आत जाते. पन्नासच्या जाळीतूनही फुलकिडे शिरतात, म्हणून आत सापळा टांगलेला असावा. चार कमानी, जाळी, कडा मातीत पुरलेल्या, एवढं दोनशे रोपांसाठी घरच्या अंगणात होतं. ट्रेमध्ये कोकोपीट भरा. आपल्याकडे नारळाच्या काथ्याला तोटा नाही. आत जुन्या मिरचीची, वांग्याची कुंडी ठेवायची नाही. आमच्याकडे हमखास ठेवली जाते, "सावलीला बरी" म्हणून.

शेताभोवती मक्याच्या किंवा ज्वारीच्या दोन-तीन दाट ओळी, लावणीच्या तीनेक आठवडे आधी पेरलेल्या. माशी फार उंच, फार दूर आपल्या बळावर उडत नाही, वाऱ्याने येते आणि या भिंतीत अडते. जमिनीवर रुपेरी मल्चिंग पेपर, रुपेरी बाजू वर. खालून परावर्तित उजेड आला की उतरू पाहणाऱ्या माशीचा, माव्याचा आणि फुलकिड्याचा गोंधळ उडतो. झाडांनी पेपर झाकेपर्यंत हा फायदा मिळतो, आणि आपल्याला हवा असलेला महिना नेमका तोच. झेंडूबद्दल मात्र गैरसमज आहे. झेंडू फळ पोखरणाऱ्या अळीला भुलवतो, पांढऱ्या माशीला नाही. उलट फुलकिडे झेंडूच्या फुलांत सुखाने राहतात.

आजारी झाड दिसलं की उपटायचं, पण उपटण्याची रीत आहे. पहाटे, माशी सुस्त असताना, आधी झाडावर प्लास्टिकची पिशवी उलटी घालायची, मग मुळासकट काढून तोंड बांधायचं आणि पुरून टाकायचं. नुसतं उपटून खांद्यावर टाकून शेतभर मिरवत नेलं तर वाटेत माश्या उतरत जातात. काकीने सुरुवातीला उपटलेली झाडं बांधावरच टाकली होती. ती सुकली तशी माश्या उठून पुढच्या झाडांवर. लावणीपासून पाच-सहा आठवड्यांपर्यंत उपटणं फायद्याचं. नंतर फळं लगडलेलं झाड केवळ शेंडा वळला म्हणून काढू नये असं माझं मत. तोवर ज्याला लागायचं त्याला बहुधा लागून गेलेलं असतं.

फवारणीविरुद्ध मी नाही. पहिल्या महिन्यात माशीचा आकडा खाली ठेवायला ती लागते. पण गट बदलत जा आणि दुकानदाराला कंपनीचं नाव न विचारता गट विचारा. माश्यांसाठी एक औषध, पिल्लांसाठी दुसरं: स्पायरोमेसिफेन पिल्लांवर आणि अंड्यांवर चालतं. निंबोळी अर्क, कडुनिंबाचं तेल साबणाच्या पाण्यातून, तेही पिल्लं असताना कामाचं. प्रमाण लेबलवरचं, तोडणीआधी किती दिवस थांबायचं तेही लेबलवरचं. नळीचं तोंड पानाच्या खालून वर हवं, वरून दिलेली आंघोळ माशीपर्यंत पोचतच नाही. सिंथेटिक पायरेथ्रॉइड पुन्हा पुन्हा मारू नका. माशीला खाणारे मित्रकीटक त्याने आधी मरतात आणि माशी दुपटीने परतते. २०१५ मध्ये पंजाबातला कापूस याच पांढऱ्या माशीने खाल्ला, शेतकरी फवारून फवारून थकले तरी.

बियाणं निवडताना आपल्याला दुहेरी गरज आहे, बोकड्या आणि मर दोन्ही सोसणारं. बेंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे अर्का रक्षक आणि अर्का अभेद हे संकर त्यासाठी तयार केलेले आहेत. बोकड्याला तोंड देणारी जनुकं टोमॅटोच्या रानटी भाऊबंदांकडून आणली जातात. पण प्रतिकारक म्हणजे अभेद्य असं समजू नका, नाव अभेद असलं तरी. असं झाड विषाणू आत बाळगून फळ देत राहतं. रोपपणीच माश्यांचा मारा झाला तर तेही झुकतं. आणि हे संकरित बियाणं आहे, फळातून बी राखून पुढच्या वर्षी लावलं तर तोच गुण येईल याचा भरवसा नाही.

तुळशीचं लग्न ते शिगमो

गोव्याला एक देणगी मिळालेली आहे, तिचा उपयोग आपण पुरता करत नाही. चार महिने कोसळणारा पाऊस माश्यांना धुऊन काढतो. भात कापून तुळशीच्या लग्नाच्या सुमारास लावलेल्या टोमॅटोचा नाजूक महिना गारव्यात आणि कमी माश्यांत निघून जातो. काकीने लावले होते जानेवारीच्या सुरुवातीला. हवा तापत जाते तशी माशीची पिढी लवकर-लवकर उरकते आणि शिगम्याचे ढोल वाजू लागेपर्यंत तिची भरभराट झालेली असते. म्हणजे झाड सर्वांत कोवळं आणि माशी चढतीला, असा नेमका मेळ काकीने घातला.

डोमिनिकन रिपब्लिक या देशात १९९०च्या दशकात याच घराण्यातल्या विषाणूने टोमॅटोचा धंदा बसवला होता. तिथे सरकारने दर वर्षी तीन महिने माशी ज्यांच्यावर पोसते ती पिकं लावायलाच बंदी केली. उपाशी माशी आणि कोठार नसलेला विषाणू, दोन्ही ओसरले आणि टोमॅटो परत आला. आपल्याकडे पाऊस हे काम अर्धं फुकट करतो, उरलेलं अर्धं परसातल्या जुन्या वांग्यात, मिरचीत आणि बांधावरच्या ओसाडीत अडतं. तुकडे इतके छोटे आणि बांधाला बांध लागून, की एकाने जुनी झाडं काढून भागत नाही. आमच्या वाड्यावर गेल्या वर्षी आम्ही पाच घरांनी लावणीचा आठवडा एकच ठरवला आणि मे महिन्यात जुनी वांगी काढून टाकली. सहाव्याने नाही काढली. त्याच्या बाजूच्या सापळ्यावर आकडा कायम चढा राहिला. तो काकीचा दीर, त्यामुळे बोलायचं काम तिच्यावर आहे.

ओळखण्यात अडचण आली तर जुने गोवे इथल्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा दक्षिणेत मडगावच्या केंद्रात झाड दाखवता येतं, तालुक्याचं विभागीय कृषी कार्यालय आहेच. जाताना वाळलेली खालची पानं नेऊ नका, ताजा वळलेला शेंडा ओलसर कागदात गुंडाळून पिशवीत न्या. बरोबर पेरणीची, लावणीची आणि पहिलं लक्षण दिसल्याची तारीख लिहिलेला कागद. काकी वहीच घेऊन गेली होती, भिंगासकट. या वर्षी तिची रोपं नोव्हेंबरमध्ये लागली, आतापर्यंत सात झाडं पिशवीत गेली. चुन्याच्या ठिपक्यांचं मडकं तिने तसंच ठेवलंय, फक्त त्याच्या काठीवर आता एक पिवळा सापळाही बांधला आहे.